पाच अंगठे

"हे इंग्रजीत काऊन हाय?"

उकंडरावांनी कागद उजेडात धरला, पालटला, मागची कोरी बाजूसुद्धा वाचल्यासारखी बघितली.

"विद्यापीठाचा छापील नमुना आहे, काका. सगळ्यांना तोच देतात," पुष्पांजली म्हणाली.

"मराठीत नाही?"

"नाही. पण त्यात काय लिहिलंय ते मी सांगते ना."

"तू सांगशील. माह्या बापालेही सांगतलंच होतं."

ओसरीवरच्या खाटेवर बसलेल्या गीताबाईंचा, म्हणजे उकंडरावांच्या म्हाताऱ्या आईचा, पदराशी चाललेला चाळा थांबला. पुष्पांजलीच्या पुढ्यात निळ्या शाईची डबी उघडी होती आणि तिच्यावर एक माशी येऊन बसायचं की नाही या विचारात घिरट्या घालत होती. मोबाईलवर पावणेचार झाले होते. पाच वाजता फोटो पाठवायचं विद्यापीठाचं संकेतस्थळ बंद होणार होतं. त्याआधी तिला या कागदावर गीताबाईंचा अंगठा हवा होता.

पुष्पांजली पिंपळगाव राजाचीच. शाळेतले क्लार्क नीळकंठबाबू तिचे वडील, घर दोन गल्ल्या पलीकडे. बारावीनंतर तिनं पुण्याच्या एका विद्यापीठात डिजिटल फोटोग्राफीला प्रवेश घेतला, तेव्हा लोकांनी नीळकंठबाबूंना पारावर गाठून विचारलं होतं, "फोटो काढाले कालेज लागते काय, बाबू? बटन तं एकच असते." बाबू हसून सायकलवर टांग टाकायचे आणि घरी येऊन अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत.

पहिल्याच आठवड्यात ती वर्गात "मले" म्हणाली आणि तीन बाकांपर्यंत खसखस पिकली. त्या दिवसापासून पोरीनं जिभेला इस्त्री केली. तीन वर्षांत कॅमेरा हातात बसला आणि पुण्याची मराठी तोंडात. आता शेवटचं सत्र. प्रत्येकानं एका विषयावरचे पाच फोटो द्यायचे. ज्याचे सर्वांत चांगले, त्याला एका छायाचित्र-संस्थेत वर्षभराचं काम. शरयू मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ते काम तुझं आहे असं धरून चाल. फक्त कागदपत्रात घोळ घालू नकोस. ज्याचा फोटो, त्याचं संमतीपत्र."

विषय तिला गावातच सापडला होता, दिवाळीच्या सुट्टीत, रेशनच्या रांगेत. तिच्या पुढे गीताबाई उभ्या होत्या. मशीन काही केल्या त्यांचा अंगठा घेईना. त्यांनी तो लुगड्याला पुसला, केसांवरून फिरवला, फुंकला. दुकानदार म्हणाला, "आजी, अंगठा कुठी ठेवून आली?" रांग हसली. गीताबाईही हसल्या. चाळीस वर्षं कापूस वेचून बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. पुष्पांजलीनं त्याच आठवड्यात गावातल्या पाच म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांचे फोटो काढले. प्रत्येक अंगठा तीन फूट उंच छापायचा होता. या आठवड्यात चौघींची संमतीपत्रं झाली. गीताबाई तेवढ्या लेकीकडे जानेफळला गेल्या होत्या, त्या कालच परतल्या.

आणि नेमकं तेच उकंडरावांच्या डोक्यात बसलं होतं.

"आठ दिवस माय विमलच्या घरी होती," ते म्हणाले. "काल आली. आन् आज तू शाई घेऊन हजर. विमलनं धाडलं काय तुले?"

"विमलताईंना मी दहावीत असताना शेवटचं बघितलंय, काका."

"माय, विमलनं तिथं कशावर अंगठा मागतला होता काय?"

"तिनं काही नाही मागतलं," गीताबाई म्हणाल्या. "म्याच चहा मागतला. तोही टायमावर नाही भेटला."

उकंडराव हसले नाहीत. गोविंदा, त्यांचे वडील, वारल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं चढली होती: आईचं, त्यांचं आणि बहिणीचं. वर्षभर बहीणभावात बोलणं नव्हतं. त्याच्याही आधीचा एक जुना सल होता. गोविंदाला चुलतभावानं एकदा तहसीलीत नेलं, सोसायटीचा अर्ज आहे म्हणून अंगठा घेतला, आणि नाल्याकाठचा तुकडा गेला. तो कागद कसला होता, ते गोविंदाला पुढच्या पेरणीला कळलं. तेव्हापासून या घरात शाईची डबी आली की चुलीवरचं दूधही खाली उतरवून ठेवत.

"फोटो दाखव," उकंडराव म्हणाले.

पुष्पांजलीनं लॅपटॉप उघडला. अख्ख्या पडद्यावर एकच अंगठा. बोंडाच्या टोकांनी पडलेले बारके काळे टोचे, भेगांत मुरलेली माती. मधला भाग नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. पण कडांना, जिथं काम पोचलं नव्हतं, तिथं रेषा अजून होत्या.

"हे किती मोठं होते?"

"तीन फूट."

"अजून मोठं कर. इथंच."

तिनं फोटो वाढवला. रेषा दोरखंडाएवढ्या झाल्या.

उकंडराव वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरी, ठशावरून रबराचा अंगठा करतेत म्हणे लोक. मोबाईलवर पाह्यलं म्या. रजिस्ट्रीतही आता मशीनवरच अंगठा लागते. हे तीन फुटाचं तू भर पुण्यात टांगशील. कोणीही येईन, मोबाईल काढीन, खटकन फोटो घेईन."

"असं काही..." एवढं बोलून पुष्पांजली थांबली.

याच रेषांवर ती खूश होती. विभागाची खास लेन्स हातापाया पडून मागून घेतली होती. वर्गात पडद्यावर हा फोटो आला तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "धार बघा याची." सगळ्यांनी धार बघितली. ती कोणाच्या कामी येऊ शकते, हे पंचवीस पोरांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. तिच्याही नाही. ते आलं गुरं बांधून आलेल्या एका माणसाच्या मनात, आणि तो तिच्यावर विनाकारण संशय घेत होता तरी हे मात्र बरोबर बोलत होता.

तिनं फोटो परत लहान केला. "काका, मले खरंच हे सुचलं नव्हतं."

उकंडरावांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "आता कशी नीळकंठबाबूची पोरगी वाटली. मंघापासून तं तहसीलीतून आल्यावानी बोलून राह्यली होती."

"तुमचं झालं असंन तं मले कोणी इचारन का?" गीताबाई खाटेवरून म्हणाल्या. "अंगठा माहा हाय."

दोघांनी वळून बघितलं.

"त्या चौघीनं देल्ला अंगठा?"

"हो, आजी."

"कायचा कागद हाय म्हणून इचारलं त्याइनं?"

पुष्पांजलीला त्या चौघींपैकी पुष्पाबाई आठवल्या. सूप मांडीवर, त्यात तुरीची डाळ. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "कुठी लावू?" बाकीच्या तिघींनी तेवढंही विचारलं नव्हतं.

"नाही इचारलं."

"तुनं सांगतलं?"

"फोटोचा हाय एवढंच सांगतलं."

गीताबाईंनी मान हलवली. "राशनवाला म्हणते, लाव. बँकवाला म्हणते, लाव. दवाखान्यात म्हणतेत, लाव. सवयच झाली, माय. तू तरी इचारून घेशीन असं वाटलं होतं."

आवाज चढला नव्हता. तरी पुष्पांजलीला खाली बघावं लागलं. शाईवर शेवटी माशी बसलीच होती.

ती अंगणात गेली आणि शरयू मॅडमना फोन लावला. ओसरीवर सगळं ऐकू जात होतं, पण लांब जायचं तिला सुचलं नाही.

"चौघींची संमतीपत्रं आहेत ना तुझ्याकडे?" मॅडमनी विचारलं.

"आहेत."

"मग पाचवा दुसऱ्या कोणाचा घे. अडचण काय?"

"त्यांना कागद समजला नव्हता, मॅडम. मी समजावला नाही."

"पुष्पांजली, तू बरोबर बोलतेस. पण पाच फोटो आले नाहीत तर मला तुझं मूल्यमापन करता येणार नाही. डिसेंबरला बसावं लागेल. आणि ती वर्षभराची जागा तोपर्यंत थांबत नाही. हे मी कठोर व्हायचं म्हणून सांगत नाहीये. तुला माहीत असावं म्हणून सांगते."

"हो, मॅडम."

ती परत आली तेव्हा साडेचार वाजायला आले होते. उकंडराव खांबाला टेकून उभे होते, जरा ओशाळलेले.

"अवं," ते म्हणाले, "माह्या मायचा तेवढा बाजूले काढ. बाकीचे चार धाड. पाचवा... तुह्या आईचा घे. दोन मिनिटांचं काम. त्या चौघीच्या घरी कोण भांडून राह्यलं?"

"कोणीच नाही."

"मंग? वर्ष काऊन फुकट घालवतं?"

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला. चार फोटो, चार संमतीपत्रं, सगळं नीट लावलेलं. पाचवी चौकट रिकामी. घरी जायला तीन मिनिटं, आईचा अंगठा घ्यायला दोन. कागदांवर चार निळे ठसे दिसत होते, अर्धवट, मध्ये पुसट. मशीनवर जे उमटत नव्हतं तेही तिनं दाबून दाबून उमटवून घेतलं होतं. पुष्पाबाईंचं बोट तिनं स्वतःच्या हातानं धरलं होतं.

गीताबाई तिच्याकडे बघत बसल्या.

पुष्पांजलीनं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"आजी, तुमचा फोटो पुसू?"

"पुसतं कायले? जगाले नको दाखवू. मले छापून दे एक. लहानसा." गीताबाईंनी स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ नेला. "एवढा जवळून म्या बी नव्हता पाह्यला."

मग त्या खाटेवरून उतरल्या, एका हातानं खांब धरून, आणि चपला शोधू लागल्या.

"कुठी निघाली वं माय?" उकंडरावांनी विचारलं.

"पुष्पीच्या घरी. ही पोरगी एकटीनं सांगन तं ती हाव हाव म्हणन आन् पुन्हा अंगठा देईन."

पुष्पाबाईंच्या दारात पोचेपर्यंत पाचला दहा कमी होते. पुष्पाबाई त्याच जागी बसल्या होत्या, सूप तेच, डाळ बहुतेक दुसरी.

"पुष्पे," गीताबाई पायरीवर टेकत म्हणाल्या, "हिच्या कागदावर अंगठा देल्ला म्हणे तुनं?"

"देल्ला. काऊन?"

"कायचा होता कागद?"

पुष्पाबाईंचे हात सुपात थांबले. त्यांनी पुष्पांजलीकडे बघितलं, मग गीताबाईंकडे. "मले का माईत? बाबूच्या पोरीनं आणला होता."

पुष्पांजली खाली, त्यांच्या पायरीवरच बसली. फाईल उघडली. इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक वाक्य वऱ्हाडीत सांगत गेली: हा फोटो कुठं लागणार, कोण पाहणार, किती मोठा, आणि उकंडरावांना कशाची भीती वाटली तीही. मध्येच पिशवीत मोबाईल थरथरला आणि थांबला. तिनं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. पाच वाजले असणार.

सगळं ऐकून पुष्पाबाईंनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मंग देल्लेला अंगठा वापस भेटते काय?" त्यांनी विचारलं.

"भेटते," पुष्पांजली म्हणाली आणि निळ्या ठशाचा कागद फाईलमधून काढून त्यांच्या हातात दिला.

पुष्पाबाईंनी तो घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मग सूप बाजूला सरकवून म्हणाल्या, "चहा ठेवतो. गीते, तुले साखर किती?"