दुसऱ्या डोळ्याचा फोटो

देवानं माणसाला दोन डोळे का दिले, याचा छडा अख्ख्या बुऱ्हाणपुरात फक्त माझ्या बायकोच्या मामांनी लावला आहे. आपण बाकीचे ते नुसतेच वापरतो. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तर पोह्यांच्या आधी त्यांनी माझा अंगठा मागितला. "जावईबापू, हात लांब करा, अंगठा धरा. आता डावा डोळा मिटा. आता तो उघडा, उजवा मिटा. सरकला ना अंगठा?" सरकला होता. "दोन डोळ्यांत चार बोटांचं अंतर, म्हणून दोघांना जरा वेगवेगळं दिसतं. डोकं ते जुळवतं आणि फरकावरनं ओळखतं, जवळ काय, लांब काय. फरक नाही तर खोली नाही." तोवर पोहे गार झाले होते.

मामांचा धंदा केळीचा, पण जीव फोटोत. मोबाईलवर एक फोटो काढायचा, चार बोटं उजवीकडे सरकायचं, की दुसरा. मग चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडून डाव्या डोळ्याचा निळ्यात आणि उजव्याचा लाल रंगात, असे एकावर एक छापून आणायचे. चष्मे घरचेच, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे. डावीकडे लाल जिलेटीन, उजवीकडे निळं. "लाल काच लाल रंग गिळते, तिला निळाच फोटो दिसतो. निळीचं उलटं. ज्याचा फोटो त्याच्या डोळ्याला, भांडण नाही." नुसत्या डोळ्यांनी बघाल तर सगळी गिचमीड, पण चष्मा लावला की केळीचा घड नाकाला लागेल इतका पुढे यायचा. इच्छापूरच्या देवीच्या पायऱ्या बघताना माझ्या सासूबाईंनी बसल्या जागी पाऊल उचललं होतं.

अडचण एकच. दोन फोटोंच्या मधे कुणी हलायचं नाही. लग्नात नवरदेवाच्या नाकावर माशी बसो की मुहूर्त टळो, मामांचं चालूच, "हलू नका, दुसऱ्या डोळ्याचा बाकी आहे." लोक त्यांना बघून गल्ली बदलायचे. माझा मेव्हणा एकदा म्हणाला, "मामा, दोन मोबाईल एका पट्टीवर बांधून टाका ना, दोन्ही फोटो एकदम निघतील." मामांना ते झोंबलं. "दोन मोबाईलची नजर सारखी नसते. माणसानं क्षणभर उभं राहिलं तर काय बिघडतं?"

मामी मात्र कधी उभ्या राहिल्या नाहीत. पहिला फोटो झाला की "झाला ना?" म्हणत त्या दुधाकडे निघायच्या. मामा मागून ओरडायचे, "अगं, दुसऱ्या डोळ्याचा!" आतून उत्तर यायचं, "एका डोळ्यानं बघा की. मी काय फार लांबची आहे?" मामा हसून मोबाईल खिशात टाकायचे. पुढच्या वेळी काढू, असं त्यांना दर वेळी वाटायचं, आणि गेल्या थंडीत मामी गेल्या.

गावातल्या निम्म्या लोकांच्या दोन्ही डोळ्यांच्या फोटोंची जोडी मामांकडे आहे, मामींची एकही नाही. त्यांचा एकच फोटो दोन्ही रंगांत छापून पाहिला, तर मामी कागदाला चिकटलेल्याच राहिल्या. शेवटी आमच्या लेकीच्या बारशाची जोडी सापडली. पहिल्या फोटोत मामी मागे दारात उभ्या होत्या, दुसऱ्यात नुसतं दार.

मामांनी तीही छापून आणली. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा ते चष्मा लावून तोच फोटो बघत बसले होते. मला बघताच त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी लावला. पाळणा पुढे आला, बायको पुढे आली. दारात मामी होत्या. मग नव्हत्या, दारच होतं. मग पुन्हा मामी.

"डावा म्हणतो 'आहे', उजवा म्हणतो 'नाही'," मामा म्हणाले. "डोकं घडीत याचं ऐकतं, घडीत त्याचं. पट्टीवर बांधायचे होते हो दोन मोबाईल. पोरगं बरोबर सांगत होतं. मीच नाही ऐकलं."

मला फार वाईट वाटलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, उजवा डोळा मिटून बघा. मग जाणार नाहीत."

एका डोळ्यानं बघणं म्हणजे देवाचा अपमान, असं सांगत आलेला हा माणूस. त्यांनी चष्मा लावला, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि फोटो जवळ धरला.

"राहिली," ते म्हणाले. "सपाट आहे, पण राहिली."

बायको आतून चहा घेऊन आली, तरी त्यांनी हात काढला नाही.