पिकू दिलेला डोळा

सदारामचा डोळा टॉर्चने दोनदा पाहिला आणि मी मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. गोंदियाच्या दवाखान्यात मी तेव्हा नवा होतो. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. सदाराम बोदलकशाकडचा धान पिकवणारा शेतकरी, साठीच्या पुढचा. एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू.

"सर, एकच डोळा आहे. ऑपरेशन आत्ताच करू या."

"एकच आहे म्हणूनच नको. कच्चं भिंग पिशवीला चिकटून असतं. तुकडे आत राहिले तर डोळा जाईल. पिकू द्या."

तेव्हाची रीत तीच होती. डोळ्यातल्या भिंगाच्या पेशी जन्मभर वाढत राहतात. कातडीच्या जुन्या पेशी झडून जातात. भिंग मात्र पिशवीत बंद, त्याला झडायला जागाच नाही. नवे थर वर चढतात, जुने आत दाबले जातात. वय झालं की ही वाढ मंदावते, गाभा कडक होतो, पिवळा पडतो. पुढे सगळंच भिंग पांढरं झालं की मोतीबिंदू पिकला म्हणायचं.

मी सदारामला म्हणालो, "अजून कच्चा आहे. पिकला की या."

"हलका धान का भारी, डाक्टरसाब?"

हलका लवकर कापणीला येतो, भारी उशिरा. "भारी," मी म्हणालो आणि स्वतःवरच खूश झालो. दिवसभर कंपाउंडरला हाच किस्सा ऐकवत होतो.

सदाराम आला तो पुढच्या वर्षी, कापणी आटोपल्यावर, मुलाचा हात धरून. डोळा लालभडक, दुखण्याने उलट्या. अति पिकलेलं भिंग आतच विरघळून पाझरतं, डोळ्यातला दाब चढतो आणि मागची नस मरते. साहेबांनी त्याच दिवशी भिंग काढलं. दुखणं थांबलं. नजर आली नाही.

"दिसेनासं झालं तेव्हाच का नाही आलात?" माझा आवाज चढला होता.

"कापनी चालू होती. पोराले कायले अडवू? पिकलेला धान चार-आठ दिस उभा राहते. डोळाबी राहीन म्हटलं. तुमीच त भारी धान म्हनलं होतं."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. पिकलेला डोळा थांबत नाही, एवढं एक वाक्य मी त्याला सांगितलंच नव्हतं. साहेबांचा निर्णय त्या काळाच्या हिशेबाने बरोबर होता. चूक माझ्या जिभेची होती आणि ती मला अजून सलते.

त्यानंतर मोतीबिंदूच्या प्रत्येक पेशंटला मी परत यायचा महिना सांगत गेलो, आणि त्याला घेऊन येणाऱ्याकडून तो वदवून घेत गेलो. धानापानाचे दाखले देऊन समजावणं सोडलं. दाखला देणारा हसून मोकळा होतो. ऐकणारा त्याप्रमाणे वागतो.