वेलांटीबाईंच्या दुरुस्त्या

छापखान्यात त्यांना वेलांटीबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची एवढीशी चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून हे नाव. पुढे छापखाना विकला गेला आणि नव्या मालकांना मुद्रितं तपासणारं माणूस नको होतं. निरोपाच्या दिवशी त्यांना तिथलाच एक जुना लॅपटॉप मिळाला. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलायला उरली होती धाकटी बहीण, तीही रविवारी, फोनवर.

लॅपटॉप इतका मंद की बटण दाबून त्या भाजी चिरायला बसत. दुरुस्तीवाल्याने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही.

"मावशी, याच्यात आता काही राम नाही. भंगारात द्या."

त्यांनी तो पुन्हा पिशवीत घातला.

वाचनालयातल्या संगणकावर शोधता शोधता त्यांना एक हलकी ऑपरेटिंग सिस्टिम सापडली. जगभरातली माणसं ती हौसेने बनवत, फुकट वाटत आणि आतला कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवत. नवी आवृत्ती नुकतीच आली होती. जुन्या यंत्रांवरही चालेल, असं लिहिलं होतं. त्यांनी ती पेनड्राइव्हवर घेतली, सूचना वहीत उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर, म्हणजे स्वतःचं एकटीचं जेवण आटोपल्यावर, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. काळा पडदा. पुन्हा काळाच. तिसऱ्यांदा कळलं, आपण भलतंच बटण दाबतोय. चौथ्या खेपेला मिनिटभरात पडदा उजळला. भाषांच्या यादीत मराठी होती.

"अगंबाई, लागला की!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या.

पण जित्याची खोड ती. पहिलाच मेनू उघडला आणि डोळा अडखळला. 'पुन्हा सुरु करा'. खाली 'माहीती'. त्याखाली 'दुरूस्ती', म्हणजे दुरुस्तीच दुरुस्तीला आलेली. संध्याकाळपर्यंत वहीत एकशे बारा चुका जमल्या. शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि सिस्टिम बनवणाऱ्यांना ईमेलने पाठवलं.

उत्तर आठवड्याने आलं. मराठीचं काम एक जण करायचा, तीन वर्षांपासून त्याचा पत्ता नाही. तुम्ही कराल का?

त्यांनी उलट विचारलं, "मराठीतून ही वापरतं तरी कोण?"

"आमच्या माहितीत फक्त तुम्हीच."

दोन दिवस त्यांनी लॅपटॉप उघडला नाही. रविवारी बहिणीला सांगितलं.

"मग ताई, तू करतेयस कुणासाठी?"

"चूक दिसते गं."

"तुला एकटीलाच दिसते ना? मग कर कानाडोळा."

"एकतीस वर्षं जमलं नाही, आता कुठून जमणार?"

बहीण हसली. मग तिकडे कुणीतरी तिला हाक मारली. "बरं, ठेवते हं. जप," म्हणाली आणि फोन बंद झाला.

सोमवारी सकाळी त्यांनी काम हाती घेतलं. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा मुद्रित पाहायचा. इथे दोन्ही त्याच. आधी मोठ्याने वाचायचं, मग गप्प बसून पाहायचं. असे चार महिने गेले. 'रद्द करा' हे त्यांना फार दरडावल्यासारखं वाटे. तिथे त्यांनी 'राहू द्या' केलं.

पुढची आवृत्ती आली त्या दिवशी त्यांनी ती तातडीने लावली आणि डोळ्यांत तेल घालून तपासली. एकही चूक नव्हती. त्या खुर्चीत बसून राहिल्या. चूक नाही म्हणजे काम नाही, आणि बहिणीच्या फोनला अजून चार दिवस होते.

तीन आठवड्यांनी एक पत्र आलं. मराठीत, खाली सही नाही.

"'राहू द्या' वाचून यंत्रच कंटाळलंय असं वाटतं. आधीचं बरं होतं. कृपया बदलावं."

वेलांटीबाईंनी ते तीनदा वाचलं. पत्रात चूक नव्हती. त्यांना रागही आला आणि बरंही वाटलं. कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, त्यांचा शब्द वाचून कपाळाला आठी घातली होती. त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं. आज्ञा आणि विनंती यांतला फरक, जुन्या छापखान्यातले दाखले, सगळं. मग निम्मं खोडलं आणि पाठवून दिलं.

पाचव्या दिवशी एक ओळ आली. "पटलं नाही. पण असू दे."

नंतर त्या माणसाचं पत्र कधीच आलं नाही. बाई होती की पुरुष, तेही कळलं नाही. पुढच्या आवृत्तीसाठी नवे दोनशे शब्द आले, तेव्हा वेलांटीबाई ते मोठ्याने वाचू लागल्या. मधूनच थांबून म्हणत, "हे तुम्हाला पटायचं नाही बघा," आणि पुढे वाचत.