मागल्या दारानं आलेली सून

आमच्या पेठेतले किस्से गोदामातल्या गुळाच्या ढेपांसारखे. एकावर एक चढतात, खालचा दिसेनासा होतो. तर अशाच एका गूळ-गोदामाला पाठ टेकलेल्या घरात एक सासू होती, एक सून होती. सासू म्हणजे आत्ती, सून मी, शांता.

*

लग्नात मी माप ओलांडलं आणि आत्ती पाव्हण्यांसमोर म्हणाल्या, "पोरगी मागल्या दारानं आली!"

नवरा कुजबुजला, "घराला दारच एक हाय. मनावर घेऊ नगंस."

पुढं भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच. "मागल्या दारानं आलेली, हिला काय ठावं!"

*

स्वयंपाकघरात आत्ती रोज रांगोळी काढायच्या. कुठं? भिंतीच्या बुडाशी!

शेजारीण म्हणाली, "आज्जी, हितं देव हाय व्हय?"

"देव न्हाय गं, उंबरा हाय."

"आणि दार?"

"त्ये झाकलंय लोकांनी."

भिंतीपलीकडचं गोदाम माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीचं. कोण खरं मानणार?

*

त्याच भिंतीत मुंग्यांची रांग शिरायची. खडू ओढला, पावडर टाकली, पुढं माझ्या नातवानं सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

आत्ती म्हणाल्या, "वाट हाय म्हणून जात्यात की!"

*

मग आमच्या घरापुढचं, दुसऱ्याच्या मालकीचं अंगण बिल्डरनं घेतलं. आमची जायची-यायची वाट तिथूनच. तो चहा पिऊन म्हणाला, "मावशी, आता कंपाउंड येणार. वाट न्हाई त्या घराचं काय करताय? आम्हालाच देऊन टाका."

त्या दिवशी कुणाला घास जाईना. आत्ती मात्र ताटावर बसल्या. "जेवा की! पुढचं दार शाबूत हाय अजून."

*

गोदामही त्या बिल्डरनंच घेतलेलं. जेसीबीनं पत्रे ओढले आणि ड्रायव्हर खाली उतरून बघतच राहिला. गोदामाच्या मधोमध म्युनिसिपालटीचा दिव्याचा खांब! छताला टेकू म्हणून तसाच ठेवलेला.

गुळाचा काळा थर खरवडला, तर खाली फरसबंदी. पार कोपऱ्यावरच्या रस्त्यापर्यंत! सगळी पेठ गोळा झाली. एक म्हातारा चप्पल हातात घेऊन त्यावरून चालला.

महापालिकेचे साहेब म्हणाले, "ही सरकारी गल्ली आहे. इथं बांधता येणार नाही."

बिल्डर म्हणाला, "पण साहेब, काल नव्हती!"

*

आम्ही स्वयंपाकघराची भिंत फोडली. आत सागवानी दार, कडी लावलेली. दार उघडलं तसं चुलीपर्यंत ऊन आलं.

आत्तींनी मला बाहेर गल्लीत उभं केलं. काठी टेकत आत गेल्या आणि तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवलं.

नातवंडं खिदळायला लागली. माझे गुडघे धरलेले, केस पांढरे. म्हटलं, "आत्ती, ह्या वयात?"

"ये शांते," त्या म्हणाल्या, "उजवा पाय आधी."