सुमनच्या मापाचं

आज बसथांब्यावर एक उंच मुलगी गुडघे किंचित वाकवून मैत्रिणींच्या उंचीत मावायचा प्रयत्न करत होती. माझी धाकटी बहीण सुमन शाळेत अशीच उभी राहायची. "शिडे, वरती गार आहे का गं?" मुली विचारायच्या. घरी पाहुणे आले की बाबा म्हणायचे, "तू बसूनच राहा."

मग बास्केटबॉल आला. बास्केटच्या उंच कडीकडे बघताना तिला पहिल्यांदा मान वर करावी लागली. पुढे ती परदेशी क्लबांकडून व्यावसायिक म्हणून खेळली, अजिंक्यपदं जिंकली. घरी आली की मात्र दाराशी वाकायची आणि पलंगावर तिरपी झोपायची. जगाची मापं आधीच ठरलेली असतात. कितीही जिंकलं तरी ती बदलत नाहीत.

गेल्या महिन्यात सुमन आजारपणात गेली. नेहमीच्या मापाने बांधलेली तिरडी तिला अपुरी पडली. पाय बाहेर राहिले.

"गुडघे जरा मुडपून घेऊ या का?" शेजारच्या काकांनी हळूच विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "सरळ जाऊ दे तिला."

लांब बांबू यायला वेळ लागला. तोवर बाबा तिच्या पायांशी उन्हात उभे होते.