वनमालाताई आणि शेजारचं पाणी

प्लॉट दाखवायला आलेली बाई प्लॉटकडे पाठ करून शेजारच्या घराचं गेट वाजवू लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण वेगळं आहे. लोहाऱ्याच्या अलीकडचा लेआउट, मे महिन्यातली दुपार. मी आणि माझी बायको कल्पना डोळे बारीक करून रिकाम्या जागेत उभे, आणि आमच्या एजंट वनमालाताई तोंडावरचा दुपट्टा सोडत ओरडतायत, "ओ माय, पानी देता का जी प्यायले?"

आतल्या बाईंनी आधी आमचं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पाणी आणलं. ताईंनी गिलास तसाच परत केला आणि स्कूटी वळवली. "सिंगल बेल, सर! हा सौदा इथंच थांबला."

वनमालाताई एसटीत कंडक्टर होत्या. राळेगाव, पांढरकवडा, सगळ्या वाटा तोंडपाठ. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. निवृत्तीनंतर जमिनीच्या धंद्यातही त्यांनी हाच कायदा चालवला. "गाडीत शेजारी बरा भेटला तं उभ्यानं बी प्रवास होते," त्या म्हणत. "प्लॉट पाहाले दोन मिंटं लागते. शेजार पाहाले पानी मागा लागते."

आमची निकड मोठी होती. लग्नापासून भाड्याची सात घरं झाली, आणि कल्पनाचं लिंबाचं झाड तेलाच्या डब्यात आमच्यासोबत फिरत राहिलं. आताचा घरमालक तर ओल येते म्हणून डबाच उचला म्हणत होता. झाड एकदा स्वतःच्या जमिनीत लावायचं, एवढंच तिचं मागणं. शाळेतली माझी नोकरी दोन वर्षांत संपणार होती. आत्ता नाही तर कधीच नाही, या धास्तीने मी अगदी उतावीळ झालो होतो.

चौथा प्लॉट पाहिला आणि मी हरखूनच गेलो. कोपऱ्याचा, पूर्वेकडे तोंड, आवाक्यातला! शेजारच्या घराला मात्र कुलूप. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून मी इसाराचा चेक पुढे केला, तर ताईंनी हात मागे घेतले.

"पानी कुठं पेलो आपन?"

मी भडकलो. "ताई, तुम्हाला जागा विकायची आहे की पाणपोई काढायची आहे?"

त्या रागावल्या नाहीत. "मी बी असाच घेतलता पह्यला प्लॉट. कागद पाह्यले, सातबारा पाह्यला, शेजारनीले नाही इचारलं. घर बांधलं अन् पह्यल्याच पान्यात नाला चुलीपर्यंत आला. शेजारीन म्हने, आमाले मालूम होतं, तुम्हीच इचारलं नाही." दुपट्टा सारखा करत म्हणाल्या, "ते घर सोडलं, सर. पन कोनाच्या गळ्यात नाही बांधलं."

प्लॉट संध्याकाळी गेला. मी आठवडाभर ताईंचा फोन उचलला नाही; शेवटी कल्पनाने उचलला.

पाचव्या गेटवर एक म्हातारी आली. न विचारता तांब्यासोबत गुळाचा खडा आला, तिच्या विहिरीचं थंडगार पाणी आलं. बोलता बोलता कल्पनाने लिंबाचा विषय काढलाच. म्हातारी म्हणाली, "मंग वाट कायची पाहून राह्यली? झाड पावसाआधी लाव, घर मांगून बांध. मी पानी टाकत जाईन त्याले."

कल्पनाच्या डोळ्यांना धार लागली. वनमालाताईंनी तांब्या तळापर्यंत रिकामा केला, स्कूटीचा हॉर्न दोनदा वाजवला आणि भर उन्हात ओरडल्या, "डबल बेल! चाला!"

आता त्या गोष्टीला चार वर्षं झाली. परवा दुपारी आमचं गेट वाजलं. "ओ माय, पानी देता का जी?" पाहतो तर वनमालाताई! मागे बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर एक तरुण जोडपं, आणि ताई आमच्याकडे अशा बघतायत, जणू जन्मात कधी भेटल्या नाहीत. कल्पना धावतच गेली, दारातल्या झाडाची दोन लिंबं तोडून सरबत करून घेऊन आली. मी तर चुकून आडनाव विचारलं जाईल या भीतीने तोंडच उघडलं नाही. ताईंनी चव घेतली, थांबल्या, आणखी एक घोट घेतला. नोकरीच्या मुलाखतीतही मी कधी इतका घाबरलो नव्हतो.

मग त्या शांतपणे स्कूटीपाशी गेल्या आणि हॉर्न वाजवला. दोनदा.