बंद खोलीतला धूर

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव तेल्हारा. ही गोष्ट नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली आहे. पलटण मध्य भारतातल्या एका ट्रेनिंग एरियात कॅम्पला होती. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान. त्यांतला शिपाई मंगेश हिवरखेडचा, म्हणजे माझ्याच तालुक्यातला. तो आधी दुसऱ्या प्लाटूनमध्ये होता. मी सुभेदार साहेबांना सांगून त्याला मागून घेतलं. घरची भाषा बोलायला कुणी असावं, एवढंच कारण. लोकांसमोर तो मला उस्ताद म्हणायचा. एकटे असलो की भाऊ.

कॅम्पचा दिनक्रम ठरलेला. पहाटे पीटी, मग शस्त्रसफाई, नाश्ता आणि दिवसभर सराव. एरियात विटांची खोटी वस्ती उभारली होती. शत्रूच्या ताब्यातलं घर कसं घ्यायचं ते तिथे शिकवत. आधी गल्लीत स्मोक कॅनिस्टर, म्हणजे धुराचा डबा, टाकायचा. पांढरा, दाट धूर होतो. त्याच्या आडून पुढे सरकायचं. त्या डब्याला आम्ही दारूगोळा मानतच नव्हतो. धूर उघड्यावर सोडायचा म्हणून मास्क तंबूतच राहिले. उघड्यावर तो उडून जातो.

त्या सकाळी एक घर घेऊन आम्ही आत होतो. पुढच्या घरासाठी गल्लीत टाकलेला कॅनिस्टर भिंतीला आपटला आणि दारातून आत गडगडत आला. मी दाराजवळ होतो. मंगेश आतल्या खोलीत, खिडकीशी. खिडकीला वाळूच्या गोण्या लावलेल्या. "सगळे बाहेर," मी ओरडलो आणि बाहेर उडी टाकली. मंगेशला धुरात दार सापडेना. भिंत चाचपत तो आला तेव्हा वाकून खोकत होता.

"पाणी पी."

"घसा जळून राहिला, भाऊ."

रेडिओवर आमच्या सेक्शनला हाक आली. "चार्ली टू, कोई कॅज्युअल्टी? ओव्हर."

मी मंगेशकडे पाहिलं. त्याने अंगठा वर केला.

"निगेटिव्ह. सब ठीक. ओव्हर."

थोड्या वेळाने खोकला थांबला. उरलेला सराव त्याने आमच्याबरोबर केला. टेकडी चढताना जड एलएमजी मशीनगन त्याच्याच खांद्यावर होती. मी ती काढून घेतली नाही. संध्याकाळी तो नीट जेवला.

दुसऱ्या दिवशी पीटीला त्याला उभं राहता येईना. ओठ निळसर पडले होते. एमआय रूममधून, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यातून, त्याला मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. तिथल्या मेजर डॉक्टरांनी मला विचारलं, "धुरानंतर याला आराम दिला होता?"

"नाही, साहेब."

त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या धुरात झिंक क्लोराइड असतं. बंद जागेत ते फुप्फुस आतून भाजतं. मधे काही तास माणसाला बरं वाटतं, मग फुप्फुसात पाणी भरत जातं. त्या मधल्या वेळात त्याला पडून राहू द्यायचं, डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"आपलं सेक्शन पास झालं का?"

"झालं."

खरंच झालं होतं. आठवडा उलटायच्या आत तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी रेडिओवर काय बोललो ते सांगितलं. अपघात ठरला. बंद जागेजवळ मास्कशिवाय स्मोक वापरायचा नाही, असा हुकूम निघाला. पुढे त्या वस्तीत गेलो तेव्हा गल्लीतलं गवत करपलेलं दिसलं. बाजूच्या गावातल्या शेळ्या तिथेच चरायला येत. इतके दिवस ते आम्हाला दिसलं नव्हतं.

चौकशीच्या आधी, पार्थिवाबरोबर हिवरखेडला मीच आलो होतो. लोक विचारत होते, गोळी कुठे लागली. मंगेशचे वडील पुंडलिककाका भाजीपाला लावतात आणि दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणीलाही जातात. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला मळ्यात नेलं, बांधावर बसवलं.

"त्यानं तोंडाले फडकं तरी बांधलं होतं का?"

"नाही, काका."

"आमी फवारतो तं बांधतो." ते म्हणाले. "अन् तुमी कुठं होते?"

"मी दाराजवळ होतो. लगेच बाहेर पडलो. तो बरा दिसला म्हणून ठीक आहे असं वर कळवलं. मग दिवसभर त्याला चालवलं."

त्यांनी बांधावरचं फावडं उचललं.

"त्याच्या मायले हे सांगू नोका," एवढंच म्हणाले, आणि पाणी फिरवायला उठले.

निवृत्तीनंतर एका प्रजासत्ताक दिनी हिवरखेडच्या शाळेत मला मंगेशबद्दल बोलायला बोलावलं होतं. सरपंच हळूच म्हणाले, "चकमकीत गेला म्हना. पोराइले धूर काय समजते?" मी धुराचंच सांगितलं. मधल्या त्या फसव्या तासांचंही सांगितलं. काका मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक शेतमजूर जवळ आला. "काल हरभऱ्यावर फवारताना माह्यी छाती भरून आली होती. आता बरं हाय. जाऊ का शेतात?"

"नको. गाडीवर बस."

तेल्हाऱ्याच्या वाटेवर तो दोनदा म्हणाला, "साहेब, मले काही होत नाही, वापस सोडा." मी गाडी थांबवली नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि त्याला ठेवून घेतलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला.

शिपाई मंगेशसाठी त्या धुराच्या सकाळी मी एवढंच करायला हवं होतं.